विमान नाक वर काढून पडायचं, त्यावरचा उपाय

रिमोटवर उडणाऱ्या, शिकाऊंसाठीच्या फोमच्या ट्रेनर विमानाचं किट जोडून झालं. मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), सर्व्हो (पंख-शेपटीचे पट्टे हलवणाऱ्या छोट्या मोटरी) सगळं सुरळीत. पण हातातून सोडलं की नाक वर काढायचं, हवेत थबकायचं आणि एका पंखावर कलंडून गवतात. एलेव्हेटरचं (शेपटीवरच्या वर-खाली हलणाऱ्या पट्ट्याचं) ट्रिम, म्हणजे रिमोटवरून ठेवलेला कायमचा कल, खाली देऊनही फरक पडेना.

दोष तोलात होता. पंखाची रुंदी 20 सेंमी. पुढच्या कडेपासून चौथा हिस्सा, म्हणजे 5 सेंमीवर दोन्ही पंखांखाली पेनाने खुणा केल्या. बॅटरीसकट विमान त्या खुणांवर दोन बोटांनी तोललं, तर शेपूट सरळ खाली! मग 11.1 व्होल्टची लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी पार पुढच्या भिंतीला टेकेपर्यंत सरकवली आणि वेल्क्रोने आवळली. आता नाक किंचित झुकतं. नवशिक्याला तेच बरं. शेपूटजड विमान जाणत्यालाही आवरत नाही.

डावीकडे ओढणं मात्र राहिलं. मागून पाहता प्रोपेलर घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्याचा उलटा पीळ विमानाला डावीकडे कलंडवतो. मोटर माउंटमागे (मोटर ज्यावर बसते त्या पट्टीमागे) डाव्या बाजूच्या स्क्रूंवर पातळ वॉशर घातले, मोटर दोनेक अंश उजवीकडे वळली, काम फत्ते. (आधी प्रोपेलर काढून ठेवा, बोटं सलामत राहतात.)

नाशकात खरा प्रश्न जागेचा. देवळालीकडे लष्कराचा भाग, ओझरला विमानतळ. त्या बाजूंना नकोच. शहराबाहेर, मालकाला विचारून, पडीक रानात सकाळी वारा पडलेला असताना उडवतो. द्राक्षबागेपासूनही लांब. मांडवाच्या तारांत विमान अडकलं की बागायतदार जे बोलतो ते इथे लिहिण्यासारखं नसतं.