गावाच्या ज्ञानाची नोंद करताय? या चुका टाळा

‘शेवळं : रानभाजी. आढळ : ठाणे, पालघर, रायगड.’ नोंद बरोबर आहे. पण तेवढ्यावर भाजी केलीत तर घसा असा खवखवेल की पुन्हा शेवळांचं नाव काढणार नाही. आतला पिवळा भाग काढून टाकायचा, काकडाच्या आंबट फळांचा रस घालायचा, हे त्यात कुठेच नाही. बाजारात मावशी शेवळांच्या जुडीशेजारी काकडं मांडून बसते, ती उगाच नव्हे. गावातली झाडं-प्राणी आणि त्यांच्याविषयीचं लोकांचं ज्ञान जिच्यात टिपतात, त्या लोकजैवविविधता नोंदवहीतली सगळ्यात मोठी चूक हीच: वस्तूंची यादी होते, रीत राहून जाते.

उपाय सोपा, पण वेळखाऊ आहे. प्रश्नावली घरी ठेवा आणि बायकांबरोबर रानात जा, मग चुलीपाशी बसा. हात काय करतात त्याचं मोबाइलवर चित्रीकरण करा. ‘हे नाही केलं तर काय होतं?’ हा प्रश्न दर टप्प्यावर विचारा. खरं ज्ञान बहुतेक वेळा त्या उत्तरात सापडतं. फक्त वैदूंना आणि पुढाऱ्यांना भेटून आलात, तर रानभाज्यांचं अर्धं जग तुम्ही पाहिलंच नाही.

दुसरी चूक घाईची. जैवविविधता कायदा 2002 चा, पण त्याखालच्या या नोंदवह्या रखडल्या. शेवटी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 31 जानेवारी 2020 ची मुदत घातली आणि धावपळ उडाली. जानेवारीत शेवळाचा कंद जमिनीखाली झोपलेला असतो! वर्षाचे सगळे ऋतू पाहिल्याशिवाय नोंद पुरी झाली असं म्हणू नका.

नावांचा घोळ तर ठरलेलाच. कोकणातला टाकळा विदर्भात तरोटा होतो; ‘ब्राह्मी’ म्हणून दोन वेगळ्याच वनस्पती दाखवल्या जातात. गावातलं नाव बोललं जातं तसंच लिहा, पान-फूल-फळाचे फोटो जोडा, शास्त्रीय नाव वनस्पतितज्ज्ञाकडून ठरवून वेगळ्या रकान्यात घ्या.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. हळदीने जखम भरते यावर 1995 मध्ये अमेरिकेत पेटंट दिलं गेलं. आपल्या सीएसआयआरने (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने) जुने लेखी पुरावे मांडले, म्हणून ते 1997 मध्ये रद्द झालं. म्हणजे लिहून ठेवायलाच हवं. पण वैदूची मात्रा त्याला न विचारता इंटरनेटवर टाकणं हा विश्वासघात आहे. दोन भाग करा: वनस्पतीची ओळख सर्वांसाठी, औषधाची कृती गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या ताब्यात, आणि तीही वैदूच्या संमतीनेच.

फाइलींना गाव, सांगणारी व्यक्ती, विषय, तारीख अशी नावं द्या. एकाच कार्यकर्त्याच्या फोनवर सगळं ठेवू नका. एक प्रत शाळेत, एक ग्रामपंचायतीत हवी.

नोंदवही झाली पण कपाटातच पडून आहे? जूनमधल्या ग्रामसभेत शेवळांचं पान मोठ्याने वाचा. मागे बसलेली एखादी आजी ‘असं नाही गं’ म्हणेल. ते लिहायला पानावर समास मोठा ठेवा.