आवारात आपोआप उगवलेलं झाड ओळखायचं कसं

पावसाळा सरताना कुंपणाच्या कडेला किंवा गटाराच्या झाकणापाशी कुणीही न लावलेलं एखादं रोप कमरेएवढं झालेलं दिसतं. मुंबईत असली रोपं लावतात कावळे, बुलबुल, तांबट आणि वटवाघळं. म्हणून आधी मान वर करा. डोक्यावर वायर, कठडा किंवा मोठी फांदी असेल तर बी बहुधा वरून पडलेलं असतं: उंबर, पिंपळ, जांभूळ, कडुनिंब, बदाम. मग आजूबाजूच्या दोन-तीन गल्ल्यांत कोणती मोठी झाडं आहेत ते बघून या. निम्मी ओळख तिथेच पटते.

‘एका पानाचा फोटो काढा, मोबाइल नाव सांगेल’ हा सल्ला मला मुळीच पटत नाही. कोवळ्या झाडाची पानं मोठ्या झाडासारखी असतीलच असं नाही. फणसाच्या लहान रोपाच्या पानांना खोल खाचा असू शकतात, मोठ्या झाडाचं पान मात्र अखंड असतं. शिवाय तोडलेल्या पानाच्या फोटोत ते फांदीला कुठे आणि कसं चिकटलं होतं हे दिसत नाही, आणि खरी ओळख तिथेच असते. फोटो काढायचाच तर फांदीसकट काढा.

आता कठीण भाग. पान कुठे सुरू होतं, हे आधी ठरवायला लागतं. ऐकायला सोपं वाटतं, पण मी इथेच चुकले आहे. आमच्या बिल्डिंगच्या मागे एक रोप आलं होतं. दोन्ही बाजूंना करवतीसारख्या कडेची टोकदार पानं, शेंड्याला एक. मी बघितलं आणि छातीठोकपणे ‘कडुनिंब’ म्हणून सांगितलं. पाडव्याच्या सकाळी शेजारच्या काकू गूळ, ओवा, चण्याची डाळ काढून त्याच रोपाचा कोवळा पाला खुडायला गेल्या. तळमजल्यावरच्या आजोबांनी त्यांना थांबवलं. ते मूळचे विदर्भातले. म्हणाले, “अहो, हा बकाणा आहे.” बकाण्याची, म्हणजे बकाणनिंबाची, फळं विषारी असतात. तो पाला कुणाच्या पोटात गेला नाही, पण तेव्हापासून नीट बघितल्याशिवाय मी कुणालाही नाव सांगत नाही.

आजोबांनी जे दाखवलं ते असं. ज्याला मी अख्खं पान समजले होते, तो पानाचा फक्त एक फाटा होता. बकाण्याचं पान दोन-तीनदा विभागलेलं असतं आणि त्याचा एकेक फाटा थेट कडुनिंबाच्या पानासारखा दिसतो.

ओळखायची रीत अशी: एक छोटं पातं बोटात धरा आणि देठावरून मागे मागे या. देठ जिथे जोडलेला आहे त्या बेचक्यात डोळा आहे का बघा, म्हणजे कोंबाचा बारीक टिपका. डोळा नसेल तर तुम्ही अजून पानाच्या आतच आहात, आणखी मागे चला. डोळा सापडला की थांबा. त्याच्यापुढे जे काही आहे ते सगळं मिळून एकच पान. शेंड्याजवळचे डोळे इतके बारीक असतात की मला अजूनही भिंग लागतं, त्यामुळे खोडाच्या मधल्या भागातलं जुनं पान निवडा. तिथे एखादं पान आधीच गळलेलं असेल तर उत्तमच, कारण गळल्याची खूण आणि तिच्या वरचा डोळा दोन्ही स्पष्ट दिसतात. ‘हिरवा तो देठ, तपकिरी ती फांदी’ या नियमावर विसंबू नका. कोवळ्या झाडाची फांदीही हिरवीच असते.

डोळा सापडला की पान किती वेळा विभागलंय ते मोजा. मुख्य देठावर थेट पाती असतील तर कडुनिंब शक्य आहे. देठाला फाटे आणि फाट्यांवर पाती असतील तर बकाणा. तीनदा विभागलेलं आणि पाती गोलसर असतील तर शेवगा. पान हातभर लांब, पात्यांना मोजकेच ओबडधोबड दाते आणि चुरगळल्यावर घाण वास आला, तर महारुख.

बारीक पात्यांच्या झाडांतही हेच करायचं. देठाच्या बुडाशी पिसासारखी उपपर्णं, म्हणजे छोटी जोडपानं, दिसली तर गुलमोहर. कोवळ्या शेंड्यावर गंजाच्या रंगाची लव असेल तर पेल्टोफोरम, म्हणजे सोनमोहर.

चीक निघतो का ते बघा, पण चिकाचं बोट स्वतःच्या डोळ्याला लावू नका आणि काहीही चाखू नका. चीक आला म्हणजे वड-पिंपळच असं नाही. पिवळी कण्हेरही चिकाची आहे आणि ती विषारी आहे. वड, पिंपळ, उंबर यांच्या शेंड्याचा कोंब टोपीत झाकलेला असतो आणि ती टोपी गळाली की फांदीभोवती कड्यासारखी रेघ उरते. अशी रेघ फणसालाही असते, एवढं लक्षात ठेवा.

नाव मनात आलं की भायखळ्याच्या राणीच्या बागेत जाऊन त्याच जातीचं मोठं झाड बघा. तिथे जुनी, वेगवेगळ्या जातींची झाडं भरपूर आहेत. खाली कोवळी रोपं उगवलेली असतील तर तुमच्या फांदीचा फोटो त्यांच्याशी ताडून बघा.

तरीही जुळलं नाही, तर फूल येईपर्यंत थांबा आणि तोवर झाड तोडू नका. आपल्याकडे शहरातलं झाड तोडायला १९७५च्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, झाड तुमच्याच आवारात असलं तरी.