हॉटेलला दोन दारं असतात : सॅन फ्रान्सिस्कोत शिकलेला धंदा

हॉटेल मॅनेजमेंटची पदवी घेतली, पुण्यात दोन वर्षं फ्रंट ऑफिसला काढली आणि मग जे-१ ट्रेनी व्हिसावर, म्हणजे अमेरिकेत काम शिकण्यासाठी मिळणाऱ्या व्हिसावर, सॅन फ्रान्सिस्कोला गेले. तिकडे जायच्या तयारीत असणाऱ्यांना आधी कामाचं सांगते. हॉटेल क्षेत्रासाठी हा व्हिसा जास्तीत जास्त १२ महिन्यांचा असतो. पदवीनंतर अमेरिकेबाहेरचा किमान एक वर्षाचा अनुभव लागतो. प्रशिक्षण सहा महिने किंवा त्याहून जास्त असेल, तर निदान तीन विभागांतून फिरवणं हॉटेलवर बंधनकारक आहे. डीएस-७००२ नावाच्या आराखड्यात हे सगळं महिन्यांसकट लिहिलेलं असतं. त्यावर सही करण्याआधी तो ओळ न् ओळ वाचा. मी वाचला होता, म्हणूनच सहाव्या महिन्यात मला रेस्टॉरंटच्या बाजूला पाठवा असं ठामपणे म्हणू शकले.

युनियन स्क्वेअरजवळचं आमचं हॉटेल ऐंशी-नव्वद खोल्यांचं होतं. तळमजल्यावर रेस्टॉरंट. त्याला एक दार लॉबीतून आणि दुसरं थेट रस्त्यावर. सुरुवातीला मला ते रेस्टॉरंट हॉटेलचंच वाटलं. एका रविवारी सकाळी हा समज मोडला. विमान गाठायच्या घाईत असलेल्या एका वृद्ध जोडप्याचा नाश्ता पन्नास मिनिटं झाली तरी खोलीत पोचला नव्हता. मी धावत किचनच्या खिडकीशी गेले, तर बाहेर ब्रंचसाठी रांग लागलेली आणि आतला मॅनेजर सांगतोय, "आधी टेबलं." बिलातून नाश्ता वजा करून मी त्या दोघांची माफी मागितली, पण आजी उपाशीच टॅक्सीत बसल्या. तो दिवस मला अजून बोचतो.

संध्याकाळी आमच्या जनरल मॅनेजरनी मला कपाटातून एक जाड फाइल काढून दिली. तो रेस्टॉरंटचा भाडेकरार होता. रेस्टॉरंट वेगळ्या कंपनीचं, हिशेब वेगळा, नफा-तोटा वेगळा. नाश्ता किती वाजल्यापासून द्यायचा आणि रूम सर्व्हिसला किती वेळ लागलेला चालेल, हे त्यात कलमांनी बांधलेलं होतं. इतके दिवस मी माणसांवर चिडत होते. खरं उत्तर त्या करारात होतं.

ही पद्धत आली कुठून, हे शोधताना मी बिल किम्प्टन या नावापाशी पोचले. हा माणूस मूळचा हॉटेलवाला नव्हे, गुंतवणूक बँकर. युरोपातली छोटी, घरासारखी हॉटेलं त्याला आवडली आणि १९८१ मध्ये त्याने सॅन फ्रान्सिस्कोतलं बेडफर्ड हॉटेल घेतलं. शहरही सोयीचं होतं. १९०६ च्या भूकंपानंतर आणि आगीनंतर मध्यवस्ती नव्याने उभी राहिली, तेव्हा तिथे अशी मध्यम आकाराची हॉटेलं भरपूर बांधली गेली. ऐंशीच्या दशकापर्यंत त्यातली बरीच कळाहीन झाली होती. जागा मोक्याची, बांधणी पक्की आणि नव्या इमारतीच्या मानाने खर्च कमी. बँकरच्या नजरेला हे दिसलं.

'बुटीक हॉटेल', म्हणजे छोटं आणि स्वतःची वेगळी शैली असलेलं हॉटेल, म्हटलं की नवी मुलं रंगीत भिंती आणि वेगळ्या दिव्यांबद्दल बोलू लागतात. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली उघडलेल्या मॉर्गन्स हॉटेलमुळे हा शब्द आणि ती नजर दोन्ही रुजली, हे खरंच. पण माझ्या मते किम्प्टन यांची खरी कल्पकता रेस्टॉरंटमध्ये होती. त्या काळी हॉटेलातलं जेवण म्हणजे नाइलाजाचं जेवण. गावातली माणसं तिथे फिरकत नसत, मालक मात्र पूर्ण किचनचा खर्च सोसत राही. किम्प्टन यांनी शेफला पुढे आणलं. रेस्टॉरंटचं नाव हॉटेलपासून वेगळं ठेवलं आणि शहरच जेवायला बोलावलं. व्हिंटेज कोर्ट हॉटेलात शेफ मासाताका कोबायाशी यांचं 'मासाज' हे रेस्टॉरंट उघडलं. १९८४ मध्ये कोबायाशी यांचा खून झाला, तरीही ते रेस्टॉरंट पुढे कित्येक वर्षं चाललं. शेफच्या नावावर उभी राहिलेली जागा शेफच्या पश्चात टिकवणं किती अवघड असतं, ते किचनमध्ये काम केलेल्यांना सांगायला नको. १९८९ मध्ये प्रेस्कॉट हॉटेलात नामांकित शेफ वुल्फगँग पक यांचं 'पोस्ट्रिओ' आलं. रस्त्यावरून आत येणारा गिऱ्हाईक जेवून लॉबीतून बाहेर पडला की हॉटेलची फुकट जाहिरात होई.

हे समजायला आकडे लागतात, आणि फ्रंट ऑफिसची मुलं आकड्यांना घाबरतात. एक साधा हिशेब मांडा. १०० खोल्या, त्यातल्या ७० भरल्या, सरासरी दर २०० डॉलर. दिवसाचे झाले १४,००० डॉलर. ते भरलेल्या ७० ने न भागता सगळ्या १०० खोल्यांनी भागा, १४० येतील. हा तुमचा रेव्हपार, म्हणजे हॉटेलातल्या दर खोलीमागचं उत्पन्न, मग ती भरलेली असो वा रिकामी. आज रिकामी राहिलेली खोली म्हणजे मंडईत संध्याकाळी उरलेली कोथिंबिरीची जुडी. फरक इतकाच, की जुडी रात्री निम्म्या भावात तरी जाते. आजची रात्र उद्या विकता येत नाही. खोलीच्या भाड्यातून मालकाच्या हातात बराच मोठा वाटा उरतो. जेवणाच्या बिलात भाजी, मांस, गॅस आणि माणसांचे पगार जाऊन फार थोडं राहतं. म्हणून रेस्टॉरंटला वेगळं कुलूप-किल्ली देऊन त्याच्या नफ्याची जोखीम वेगळ्या खांद्यावर ठेवणं शहाणपणाचं ठरलं. आमच्या वृद्ध पाहुण्यांसारखे प्रसंग ही त्याचीच दुसरी बाजू.

किम्प्टन यांची कंपनी शहराबाहेर वाढली तेव्हाही जुन्या इमारतींची नजर सुटली नाही. शिकागोतली १८९५ ची रिलायन्स बिल्डिंग १९९९ मध्ये हॉटेल बर्नहॅम झाली. वॉशिंग्टनमध्ये एकोणिसाव्या शतकातल्या जनरल पोस्ट ऑफिसच्या इमारतीत २००२ मध्ये हॉटेल मोनॅको उघडलं. ती इमारत सरकारचीच राहिली, कंपनीने भाडेपट्ट्यावर घेतली. किम्प्टन २००१ मध्ये वारले. २०१४ च्या अखेरीस इंटरकॉन्टिनेंटल हॉटेल्स ग्रुपने ४३ कोटी डॉलरला कंपनी घेण्याचा करार जाहीर केला. इतके पैसे इमारतींचे नव्हते. बहुतेक हॉटेलांच्या इमारती इतरांच्या मालकीच्या होत्या. विकलं गेलं ते नाव, चालवण्याचे करार आणि काम करायची रीत. हे वाचलं तेव्हा मालक, चालक आणि ब्रँड या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. चालवणाऱ्या कंपनीला साधारणपणे उत्पन्नाच्या काही टक्के फी आणि नफ्यावर वेगळा वाटा मिळतो. तुमचा मॅनेजर महिन्याच्या शेवटी कोणाला उत्तर देतो, हे त्यावरून ठरतं.

त्या रीतीतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे लॉबीतला संध्याकाळचा वाइनचा तास. पाहुण्यांना एक-एक ग्लास मोफत. आमच्याही हॉटेलने ती प्रथा उचलली होती. माझं काम होतं ग्लास भरत लोकांशी बोलायचं. ज्या गोष्टी काउंटरवर कोणी सांगत नाही, त्या इथे बाहेर येत. चौथ्या मजल्यावरचा हीटर रात्रभर खडखडतो, उशी फार उंच आहे, आज मुलीचं लग्न ठरलं. मी सगळं लॉगबुकात लिहायचे आणि रात्रपाळीला हँडओव्हर देताना मोठ्याने वाचून दाखवायचे. पाहुणा निघून गेल्यावर इंटरनेटवर वाचाव्या लागणाऱ्या तक्रारी त्या संध्याकाळीच मिटत. नव्याने लागलेल्या प्रत्येकाने हा तास मागून घ्यावा. ट्रेनिंगच्या कुठल्याही वर्गात एवढं शिकायला मिळत नाही.

अशा छोट्या हॉटेलात मुलाखत असेल, तर आदल्या संध्याकाळी तिथे जेवायला जा. रस्त्याच्या दाराने आत शिरा, एखादाच पदार्थ मागवा. टेबलांवर गावची माणसं किती आणि खोल्यांतली किती, ते पाहा. मग लॉबीतून बाहेर पडा. काउंटरवरच्या माणसाला विचारा, "इथलं किचन कोणाचं?" उत्तर कसं येतं ते नीट ऐका, आणि दुसऱ्या दिवशी मुलाखतीत तोच प्रश्न जनरल मॅनेजरना विचारा.