लस घेतल्यानंतरचा व्यायाम

लस घेतल्यावर केंद्रात सांगितलेली 15 ते 30 मिनिटांची विश्रांती पूर्ण करावी, कारण भोवळ येणे किंवा तीव्र ॲलर्जी उद्भवणे असे प्रकार बहुधा याच वेळेत घडतात. त्यानंतर बरे वाटत असल्यास चालण्यासारखा हलका व्यायाम करायला हरकत नसते. सुई दंडाच्या वरच्या स्नायूत टोचलेली असल्याने तो भाग दुखतो, म्हणून हात अगदी जखडून न ठेवता खांदा सावकाश गोल फिरवावा, हात डोक्यावर नेऊन खाली आणावा. मात्र त्या हाताने वजन उचलणे किंवा जोर काढणे दुखणे ओसरेपर्यंत टाळावे. ताप, कणकण किंवा अंगदुखी असेल, तर व्यायाम पूर्णपणे थांबवावा, कारण तापात हृदयाचे ठोके आधीच वाढलेले असतात आणि शरीरातील पाणीही कमी होते. हा त्रास बहुतेकांना एक-दोन दिवसच होतो, तेव्हा व्यायामाचा नेम चुकल्याची हळहळ मुळीच नको. कोविडच्या एमआरएनए लशीनंतर (म्हणजे विषाणूचे एक प्रथिन बनवण्याची सूचना शरीराला देणाऱ्या लशीनंतर) क्वचित, विशेषतः तरुण पुरुषांमध्ये, हृदयाच्या स्नायूला सूज आल्याचे आढळले आहे. म्हणून पहिल्या आठवड्यात छातीत दुखले, धाप लागली किंवा धडधड जाणवली, तर व्यायाम तिथेच थांबवून विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.