फिजिओचं पहिलं पोस्टिंग, सिकल आणि बर्फाची पिशवी

परवा एक ज्युनिअर विचारून राहिली होती, ताई हॉस्पिटलमधलं फिजिओचं पोस्टिंग सुरू होतंय, काय वाचून जाऊ? म्हटलं वाचशील गं, आधी बूट बघ. चार-पाच तास उभं राहायचं असते आणि एप्रिल-मेमधलं नागपूर म्हणजे तुला माहीतच आहे, एप्रनच्या आत घामाच्या धारा. खिशात गोनिओमीटर (सांधा किती वाकतो ते मोजायची पट्टी), इंच टेप, नी हॅमर (गुडघ्यावर टकटक करून बघायची छोटी हातोडी) आणि दोन पेन. दोन यासाठी की एक कोणीतरी मागून नेते आणि ते परत येत नाही.

माझी पहिली पेशंट एक काकू, गुडघा बदललेला. मी ऐटीत गोनिओमीटर लावला, फ्लेक्शन, म्हणजे गुडघा वाकणं, ७० डिग्री, लिहून घेतलं. काकू म्हणाल्या, "बाई, देवापाशी मांडी घालून बसता येईन ना?" मी बिनधास्त हो म्हणून मोकळी. मागून सरांनी ऐकलं. नी रिप्लेसमेंटनंतर खाली मांडी घालून बसायला बहुतेक सर्जन नाहीच म्हणतात, आणि मी दोन सेकंदात देवघर देऊन टाकलं! मग काकूंना स्टुलावर बसून पूजा कशी करायची ते समजावत बसलो.

भाषेचं पण बघा. पुस्तकात रेडिएटिंग पेन असते, पेशंट म्हणते "कमरेतून चमक निघते न् पोटरीपर्यंत जाते". कळ, ठणक, मुंग्या, बधिरपणा, हे सगळं वेगवेगळं असते, "दुखते का?" एवढंच विचारून काही हाती लागत नाही. बालाघाट-छिंदवाड्याचे पेशंटही येतात, त्यामुळे हिंदीतूनही हिस्ट्री घेता आली पाहिजे.

आता मेन गोष्ट. एक विशीतला पोरगा, गडचिरोलीकडचा, खुब्यात दुखते म्हणून आला. मी आपली हुशारी, दुखते ना, मग बर्फ. आइस पॅक टॉवेलमध्ये गुंडाळून हातात, लावणारच, तेवढ्यात मॅडमनी विचारलं, "सिकलिंगचं विचारलं का याला?" नव्हतं विचारलं. सिकल म्हणजे सिकल सेल, रक्ताचा आनुवंशिक आजार, यात लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. पोराने स्वतःच सांगितलं, हो, सिकल आहे, कार्ड घरी राहिलं. सिकल सेलमध्ये थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्त अडकते आणि क्रायसिस, म्हणजे जोरदार दुखण्याचा झटका, येऊ शकते, बर्फ लावायचाच नाही. खुब्याच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून तो खराब होणं, म्हणजे एव्हीएन, तेही यांच्यात कमी वयात दिसते. म्हणून तरुण पोराचा खुबा दुखत असला की विदर्भात हा प्रश्न डोक्यात आलाच पाहिजे. त्या दिवशी माझे हात त्या आइस पॅकपेक्षा गार पडले होते. तेव्हापासून माझ्या डायरीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात आहे: सिकल? पेसमेकर? शरीरात धातूची प्लेट? गरोदर? शेवटचे तीन मशीन लावायच्या आधी, शॉर्टवेव्हला (आतपर्यंत शेक देणारं मशीन) तर नक्कीच.

लकव्याच्या वॉर्डात नातेवाईक पेशंटला लुळ्या हाताला धरून ओढून उठवतात, हे रोज दिसेल. खांदा निखळतो त्याने. ओरडू नका त्यांच्यावर, काखेत हात न घालता पाठीमागून आधार कसा द्यायचा ते एकदा करून दाखवा, मग त्यांच्याकडून करून घ्या.

आणि लॉगबुकवर, म्हणजे केसेसच्या नोंदवहीवर, सरांची सही त्याच दिवशी घ्या. मी दोन केसेसच्या सह्या राहू दिल्या, सर रजेवर गेले, आणि शेवटच्या आठवड्यात मी त्यांच्या केबिनसमोर तीन दुपारी बसून काढल्या.