इंजिन ऑइलचं बॅरल आडवं का ठेवायचं

बूच घट्ट असलं की बॅरलमध्ये पाणी शिरत नाही, असा बहुतेकांचा समज असतो. शिरतं, आणि सोलापूरच्या मे-जूनमध्ये सगळ्यात जास्त शिरतं. दुपारी पारा चाळिशीपार गेला की उन्हातल्या बॅरलच्या पत्र्याला हात लावता येत नाही. दोनशे लिटर ऑइल वीस अंशांनी तापलं तर जवळपास पावणेतीन लिटरनं फुगतं आणि वरची हवा बुचाच्या आट्यांतून बाहेर ढकलतं. संध्याकाळी वळीव कोसळला, पत्रा झटकन गार झाला, की तेवढीच हवा आत ओढली जाते. त्या वेळी उभ्या बॅरलच्या माथ्यावर, कडेच्या आत, पाण्याचं डबकं झालेलं असेल तर हवेच्या जागी पाणीच ओढलं जातं.

म्हणून बॅरल शेडमध्ये, दोन लाकडी ओंडक्यांवर आडवं ठेवा. दोन इंची मोठं बूच आणि पाऊण इंची लहान बूच, दोन्ही एकाच पातळीत आली पाहिजेत, घड्याळातल्या तीन आणि नऊसारखी. भरल्या बॅरलची बुचं मग ऑइलखाली राहतात, वायसर कोरडा पडत नाही, आणि गळती असेल तर लगेच दिसते. जागेअभावी उघड्यावर उभंच ठेवावं लागलं तर एका बाजूखाली ठोकळा देऊन कलतं करा. साचणारं पाणी बुचांपर्यंत पोचणार नाही अशी दिशा धरा आणि वर ताडपत्री घाला.

शंका आल्यास बॅरल दिवसभर न हलवता ठेवा आणि तळातून नळीनं नमुना काढून काचेच्या बाटलीत घ्या. दुधाळ दिसलं तर पाणी मिसळलेलं आहे. दिसायला स्वच्छ असलं तरी एक दिवस बाटली स्थिर ठेवा, सुटं पाणी तळाशी बसतं. आणखी खात्री हवी असेल तर चांगल्या तापलेल्या तव्यावर एकच थेंब टाका. पाणी असेल तर तडतडतं. थोडं लांब उभं राहा, डोळ्यांना चष्मा लावा. डिझेल किंवा पेट्रोलचा वास येत असेल तर ही परीक्षा करायचीच नाही.

दुधाळ ऑइल तापवून पाणी उडवायचा उद्योग करू नये. पाणी उडेलही, पण त्यानं बिघडवलेली ॲडिटिव्ह, म्हणजे ऑइलमध्ये मिसळलेली गुणवर्धक रसायनं, परत येत नाहीत. ते इंजिनात न घालता अधिकृत रिसायकलरकडे द्या.

उघडलेल्या बॅरलचं नुकसान बहुतेक वेळा हातानंच होतं. इथं पुसायला मागाचं सुती वेस्ट मुबलक मिळतं, पण त्याचे तंतू नरसाळ्याला चिकटून सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, जातात आणि ऑइल पंपाच्या जाळीवर बसतात. नरसाळं पुसायला तंतू न सुटणारं कापड घ्या. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक ऑइलसाठी पंप, माप आणि नरसाळं वेगळं, इंजिन ऑइलसाठी वेगळं, रंगाची खूण करून. जस्ताच्या बादलीत ऑइल साठवू नका, त्यातल्या ॲडिटिव्हशी जस्ताची प्रक्रिया होते. पंपाची नळी तळापासून दीड-दोन इंच वर ठेवा, खालचा गाळ तसाच राहू द्या. बूच काढण्याआधी माथा पुसायला विसरू नका.

सीलबंद ऑइल साधारण पाच वर्षं टिकतं, तरी कंपनीनं दिलेली मुदत पाहा. सील तोडल्याची तारीख बॅरलवर पेंटनं लिहा आणि उघडलेलं शक्यतो वर्षाच्या आत संपवा. जुना माल पुढं, नवा मागं.