एका अनुभवावरून निकाल देताय? वादातल्या या चुका टाळा

'त्या कंपनीचा फ्रिज घेऊ नका, आमचा दोन वर्षांत बिघडला.' 'आमचे आजोबा रोज विडीचं बंडल संपवायचे, तरी नव्वदी गाठली.' 'पुण्यातले दुकानदार उद्धटच असतात, परवाच अनुभव घेतला.' अशा विधानांवर कुणी शंका घेतली की उत्तर ठरलेलं असतं: शितावरून भाताची परीक्षा होतेच की!

होते, पण पातेल्यापुरती. तिथे तांदूळ एकच, पाणी एकच, आच एकच. मध्ये एकदा ढवळलेलंही असतं. त्यामुळे कुठलंही शीत दाबून पाहिलं तरी फारसा फरक पडत नाही. (तळाला लागलेला भात मात्र वरच्या शिताला कळत नाही, म्हणजे पातेल्यातही ही म्हण पूर्ण खरी नाहीच.) दुकानदार, फ्रिज आणि आजोबा काही एका पातेल्यात शिजलेले नसतात. म्हणून घाईचा निष्कर्ष ओळखताना 'उदाहरणं किती?' या प्रश्नापेक्षा 'ही उदाहरणं समोर आली कशी?' हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

चूक पहिली: संख्या मोठी, म्हणजे निष्कर्ष पक्का

१९३६ सालची अमेरिकेतली अध्यक्षीय निवडणूक. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतचाचणीची पत्रं पाठवली. जवळपास २४ लाख उत्तरं आली आणि त्यावरून साप्ताहिकाने रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार असं जाहीर केलं. प्रत्यक्षात तेव्हाचे अध्यक्ष रूझवेल्टच ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले. पत्ते घेतले होते मुख्यतः टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून. ऐन मंदीत फोन आणि मोटार कुणाकडे असणार? शिवाय उत्तर पाठवण्याची तसदी कुणी घेतली, हाही प्रश्न होताच. त्याच वेळी मतचाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी त्या मानाने मूठभर लोकांना, पण सगळ्या थरांतून निवडून विचारलं आणि रूझवेल्ट जिंकणार हे बरोबर सांगितलं.

आपल्याकडे हीच चूक पाहायची तर स्पर्धा परीक्षांच्या क्लासचं होर्डिंग पाहा. वर हसऱ्या चेहऱ्यांच्या रांगा, प्रत्येकाखाली पद आणि रँक, शेवटी 'आता पुढचा नंबर तुमचा'. फोटो खरे, निकालही खरा. होर्डिंगवर नसते ती एवढीच माहिती: त्या वर्षी त्या क्लासला एकूण किती मुलं होती? राज्यसेवेला जागा शेकड्यांत आणि अर्ज लाखांत असतात. न निवडलेल्यांचे फोटो कुणी लावत नाही. आणि काही वेळा एकच यशस्वी चेहरा दोन-तीन होर्डिंगांवर दिसतो, कारण एकाकडे पूर्ण कोर्स केलेला असतो आणि दुसऱ्याकडे फक्त मुलाखतीची तयारी. विडी ओढूनही नव्वदी गाठलेल्या आजोबांचंही तसंच. जे पन्नाशीत गेले, त्यांचा किस्सा सांगायला उत्साहाने कुणी पुढे येत नाही.

उपाय: 'कितीपैकी किती?' आणि 'जे दिसत नाहीत ते कुठे गेले?' हे दोन प्रश्न विचारा. फ्रिजच्या बाबतीतही: ज्यांचा नीट चालतो ते सहसा कुणाला सांगत बसत नाहीत.

चूक दुसरी: आधी हे झालं, मग ते झालं, म्हणजे याच्यामुळेच झालं

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, हे आपल्याला ठाऊक आहे. तरी सर्दीवर काढा घेतला, चार-पाच दिवसांनी बरं वाटलं, की श्रेय काढ्याला जातं. सर्दी बहुधा तेवढ्या दिवसांत आपली आपण उतरतेच.

हीच चूक महागात पडू शकते. १९९८ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अँड्र्यू वेकफिल्ड हे ब्रिटिश डॉक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १२ मुलांवरचा लेख छापून आला आणि गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीचा ऑटिझमशी संबंध असल्याची भीती पसरली. ही लस साधारण वर्ष-सव्वा वर्षाच्या बाळाला देतात आणि ऑटिझमची लक्षणंही आईवडिलांच्या लक्षात येऊ लागतात ती बहुधा त्याच्या मागेपुढे. नुसत्या क्रमावरून शंका येणं स्वाभाविक होतं. पण लस न घेतलेल्या मुलांमध्ये काय दिसतं, हे पाहिल्याशिवाय ती शंकाच राहते. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तो अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लस घेतलेल्या मुलांमध्ये ऑटिझमचं प्रमाण वाढलेलं आढळलं नाही. मूळ लेख तर 'लॅन्सेट'ने २०१० मध्येच मागे घेतला होता. फॅमिली ग्रुपवर तो अजून फिरतो.

चूक तिसरी: उलटं वाचणं

'आग असल्याशिवाय धूर येत नाही' हे अफवेच्या समर्थनार्थ हमखास ऐकू येतं. म्हण चुकीची नाही, ती उलटी वाचली की घोटाळा होतो. धूर आणि अग्नी ही जोडी आपल्या नैयायिकांची, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांची, आवडती. धूर दिसला तर डोंगरावर अग्नी आहे, हे अनुमान त्यांनी मान्य केलं. पण अग्नी आहे म्हणून धूर असणारच, हे नाकारलं. त्यांचं उदाहरण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्याचं: तिथे अग्नी आहे, धूर नाही. धुराला ओलं जळणही लागतं. असा हेतू (म्हणजे पुरावा म्हणून दिलेलं कारण) त्यांनी सव्यभिचार ठरवला, म्हणजे जे सिद्ध करायचं ते नसलेल्या ठिकाणीही सापडणारा. वादात हे जसंच्या तसं वापरता येतं. 'प्रामाणिक माणूस गरीब राहतो' हे घटकाभर मान्य केलं, तरी 'तो गरीब आहे, म्हणजे प्रामाणिक असणार' हे त्यातून निघत नाही. असं विधान आलं की आपला लोखंडाचा गोळा शोधायचा.

आणखी काही, भराभर

'मे महिन्यात विदर्भात ऊन कडक असतं' म्हटलं की 'परवा तर अकोल्यात पाऊस पडला!' असं तोडून टाकणारे असतात. सैलपणे केलेलं विधान अटळ नियम समजून खोडायचं, याला न्यायसूत्रांत (न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात) सामान्यछल म्हणतात. घाईच्या निष्कर्षाइतकाच हाही चुकीचा. त्यामुळे आपण बोलताना 'सहसा' हा शब्द गिळू नये.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी म्हणतं, पार्किंगला नंबर टाकू या. लगेच उत्तर: 'म्हणजे आमच्याकडे पाहुण्यांनी यायचंच नाही?' जे म्हटलंच नाही ते खोडून काढायचा हा प्रकार. इथे चिडण्याऐवजी मूळ वाक्य शांतपणे पुन्हा म्हणा आणि ते इतिवृत्तात लिहायला लावा.

'तू तरी कुठे व्यायाम करतोस?' यात माझा आळस सिद्ध होतो, व्यायामाचा निरुपयोग नाही. 'मेट्रो हवी की झाडं?' असं विचारलं की कारशेडची दुसरी जागा हा तिसरा पर्याय कुणी का मोजला नाही, ते विचारा.

हे शिकल्यावर होणारी चूक

तर्कदोषांची यादी हाती आली की माणूस जेवणाच्या ताटावरही पंचगिरी करू लागतो. काकू म्हणाली, 'तंबाखू वाईटच, शेजारचे भाऊ त्यानेच गेले', तर तिचा युक्तिवाद एका शितावरचा आहे. पण निष्कर्ष बरोबर आहे. युक्तिवाद पडला म्हणजे निष्कर्ष खोटा ठरत नाही. तिथे 'काकू, तुझा तर्क चुकला' म्हणण्याने घरात तंबाखूचीच बाजू भक्कम होते.

दुसरं असं की समोरचा कशासाठी बोलतोय ते आधी पाहावं. न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार केले: सत्य शोधायला वाद, जिंकायला जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता नुसतं खोडत राहायला वितंडा. वरचे उपाय पहिल्या प्रकारात चालतात. दुसऱ्यात थोडेफार, तेही ऐकणारे तटस्थ असतील तर. कोणता प्रकार चालू आहे हे कळत नसेल, तर 'काय दिसलं तर तुझं मत बदलेल?' एवढं विचारा. 'काहीच नाही' असं उत्तर आलं, तर डेन्मार्कच्या अभ्यासाची लिंक शोधत बसू नका.